मोटर कोनं चालू केली? : गावात राहून डार्क वेबवरचा भयपट करायचा तर

आमचा सिनेमा 22 मिनिटांचा. चार रात्रींत शूट झाला, खर्च आला 31,400 रुपये आणि त्यात भूत एकही नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातलं आमचंच गाव, घरं आमचीच, बाजाही आमच्याच. तो पाहून आजूबाजूच्या गावांतली पोट्टी येऊ लागली: भाऊ, आमालेबी करायचा हाये, सुरू कुठून करू? विषय प्रत्येकाचा तोच, डार्क वेब. गोष्टही प्रत्येकाची तीच. काळी हुडी घातलेला हॅकर, पडद्यावर सरसर धावणारी हिरवी अक्षरं, पैसे भरून थेट खून दाखवणारी एक 'रेड रूम' आणि शेवटी सुरा. शहरातल्या फ्लॅटमध्ये हे कसंबसं खपेल. आमच्याकडे रात्री पीक राखायला, जागलीला गेलेल्या माणसाला रानडुकराची आणि रोह्याची (नीलगायीची) धास्ती असते. 2018 च्या नोव्हेंबरात टी-1 वाघीण मारली गेली तीही याच तालुक्यात, म्हणजे वाघाचीही आली. इथे हुडीला कोण भितो?

त्यामुळे कॅमेऱ्याच्या आधी कागद घ्या आणि त्यावर एवढंच लिहा: आपल्या गावात माणूस रात्री नेमकं कशाला दचकतो, आणि त्यात इंटरनेट कुठून शिरतं. आमच्या यादीत पहिलं नाव आलं मोटारपंपाचं. त्याच्याकडे येतोच, पण आधी डार्क वेब म्हणजे काय ते नीट कळू द्या, नाहीतर गोष्ट पहिल्या पाच मिनिटांत फसते.

डार्क वेब समजून घ्या, पण त्यासाठी तिथे जाऊ नका

गुगलला जे सापडत नाही ते सगळं डार्क वेब, असं पुष्कळ जण समजतात. तसं नाही. तुमचं बँकेचं खातं, ईमेलची पेटी हेही गुगलला सापडत नाही. ते डीप वेब, त्यात भिण्यासारखं काही नाही. डार्क वेब हा त्यातला छोटासा कोपरा, जिथे जायला वेगळा ब्राउझर लागतो. त्यातला सगळ्यात माहितीतला टॉर. याची कल्पना 1990 च्या दशकात अमेरिकेच्या नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत जन्मली. पुढे 2006 मध्ये टॉर प्रोजेक्ट ही ना-नफा संस्था उभी राहिली. पत्रकार वापरतात, दडपशाहीच्या देशांतली माणसं वापरतात, आणि चोरही वापरतात. नुसता टॉर वापरणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. तिथे जाऊन काय करता, त्यावर सगळं.

चालतं कसं? चिठ्ठी एकात एक अशा तीन लिफाफ्यांत घातली आहे असं समजा. पहिल्या गावचा पोस्टमन वरचा लिफाफा फोडतो, तर आत फक्त पुढच्या गावाचं नाव. दुसऱ्याचंही तसंच. तिसरा चिठ्ठी पोचवतो, पण ती मुळात कोणी लिहिली हे त्याला ठाऊक नसतं. सुरक्षितता याच्यात आहे आणि संथपणाही याच्यातच आहे. एवढ्या फेऱ्यांतून थेट व्हिडिओ अडखळतच चालतो, आणि पैसे भरून थेट खून पाहायच्या 'रेड रूम'ची गोष्ट आजवर पुराव्यानिशी कधी सिद्ध झालेली नाही. त्या नावाखाली जे सापडतं ते बहुतेक लोकांचे पैसे लुबाडायचे सापळे. पटकथेत रेड रूम असेल तर खोडून टाका. आजकाल आठवीतलं पोरगंही यूट्यूबवर हे ऐकून बसलेलं असतं, ते तुमच्या क्लायमॅक्सला हसेल.

खरी प्रकरणं जास्त कामाची. 'सिल्क रोड' हा अमली पदार्थांचा बाजार 2011 मध्ये सुरू झाला. तो चालवणारा रॉस उल्ब्रिक्ट 1 ऑक्टोबर 2013 ला सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सार्वजनिक वाचनालयात पकडला गेला. मागे एका बाई-बुवाने भांडणाचं सोंग केलं, तो वळून पाहायला लागला आणि तेवढ्यात तपास अधिकाऱ्यांनी त्याचा चालू लॅपटॉप उचलला. तंत्रज्ञान मजबूतच होतं. पण सुरुवातीच्या दिवसांत त्याने एका जागी स्वतःच्या नावाचा ईमेल देऊन ठेवला होता, तो धागा पोलिसांना सापडला. दुसरं प्रकरण 2017 चं. 'हान्सा' नावाचा बाजार डच पोलिसांनी गुपचूप ताब्यात घेतला आणि जवळपास महिनाभर स्वतःच चालवला. दुकान तेच, पाटी तीच, गल्ल्यावर पोलीस. पटकथा लिहिणाऱ्यासाठी यात दोन सोन्याच्या गोष्टी आहेत: माणूस मशीनमुळे अडकत नाही, सवयीमुळे अडकतो. आणि पलीकडे कोण बसलंय हे कधीच कळत नाही.

एवढं वाचन पुरे. अभ्यास करायचा म्हणून टॉर टाकून फिरत बसू नका. तिथे जे दिसेल त्यातलं काही नुसतं पाहणं वा साठवणं हासुद्धा गुन्हा ठरतो. लहान मुलांच्या अश्लील मजकुराला आयटी कायद्याचं कलम 67ब लागतं, 'सिनेमासाठी पाहत होतो' हे तिथे चालत नाही. आमच्या पूर्ण सिनेमात एकदाही खरा टॉर उघडलेला नाही.

गोष्ट: स्कॅनरवरचा ओरखडा

आमच्या सिनेमातला गोलू गावात सेवा केंद्र चालवतो. झेरॉक्स, आधार, सातबारा, पासबुक, पीक विम्याचे अर्ज. गावातला एकही माणूस असा नाही ज्याचा कागद त्याच्या मशीनवरून गेला नाही. पासपोर्ट फोटो कापायला त्याने एक महागडं सॉफ्टवेअर 'क्रॅक' करून फुकट टाकलेलं. भोक इथेच आहे, आणि हे खऱ्या जगातलंच आहे: अशा फुकटच्या सॉफ्टवेअरमधून माहिती चोरणारे प्रोग्रॅम शिरतात, कॉम्प्युटरमधले पासवर्ड आणि फायली बाहेर पाठवतात, आणि तो माल डार्क वेबवर ढिगाने विकला जातो. विकणारे नमुना म्हणून थोडे कागद फुकटही टाकतात.

नागपुरात शिकणारा मित्र गोलूला असा एक नमुना पाठवतो: अबे, हे तुझ्याच गावचं दिसून रायलं. गोलू एकेक कागद उघडतो. सगळ्यांवर डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत केसाएवढी काळी रेघ. तो उठतो, स्कॅनरचं झाकण उघडतो, काचेवर बोट फिरवतो. नखाला ओरखडा लागतो.

हा आमच्या सिनेमातला सगळ्यात स्वस्त शॉट. एक बोट, एक काच, खर्च शून्य. पाहणारे इथेच गप्प होतात. कारण चोर बाहेरून आलेला नाही, आपल्याच दुकानाच्या दारातून गेलाय, आणि दार गोलूनेच उघडं ठेवलंय. तुमची गोष्ट वेगळी असेल, असायलाच हवी. पण असा एक ओरखडा शोधल्याशिवाय पुढचं पान लिहू नका: हातात धरता येईल अशी, गावातलीच वस्तू, जी दाखवेल की ते लांबचं प्रकरण आपल्या घरात आलंय.

मग फोन सुरू होतात. पलीकडचा आवाज शांत, पुस्तकी मराठी. आमच्याकडे सातबाऱ्यावर नावं चुकीची चढलेली असतात, ती दुरुस्त करायला माणूस चपला झिजवतो. गोलूच्या वडिलांचं नाव शामराव, सातबाऱ्यावर 'शानराव'. गावात त्यांना सगळे शामबाबा म्हणतात.

"शानराव बोलताय का?"
"शानराव कोन बाप्पा? इथं शामराव रायते."
"कागदावर शानराव आहे."
(फोन कट.)

तालमीत पहिल्यांदा हे म्हटलं तेव्हा स्वयंपाकघरातून आई बाहेर आली आणि म्हणाली, कोनाचा फोन होता? त्या दिवशी मला खात्री पटली की सीन चालतो. पलीकडच्याने धमकी द्यायची नाही, ओरडायचं नाही, विकट हसायचं तर नाहीच. त्याला फक्त कागद वाचू द्या.

आता मोटर. आमच्याकडे शेतीची थ्री-फेज लाईन, म्हणजे मोटर चालवणारी वीज, आठवड्यात काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीला उठून शेतात जाणं नको म्हणून बरेच जण मोबाईल स्टार्टर बसवतात. त्यात सिमकार्ड असतं. घरून फोन लावला की मोटर चालू. काही स्टार्टर उलटा फोन करून बाईच्या आवाजात सांगतात, मोटर चालू झाली आहे. सिनेमात रात्री बाराला शामरावांचा फोन वाजतो: "मोटर चालू झाली आहे."

"गोलू, मोटर कोनं चालू केली बे?"
"मी नाई केली, बाबा. तुमीच केली असन."
"अबे लाईन त दोनले येते!"

लाईनच नाही तर मोटर चालू झाली कशी? शामराव बॅटरी घेऊन निघतात. पुढचं सांगत नाही. पण पाहा, या प्रश्नाला तांत्रिक उत्तर असू शकतं आणि नसूही शकतं. तो नंबर ज्याच्या हाती पडला, तो स्टार्टरच्या नावाने खोटा फोन करू शकतो. किंवा मग. हे 'किंवा मग' सोडवायच्या फंदात पडू नका. आमच्या पहिल्या मसुद्यात शेवटी एक पोलीस येऊन सगळं समजावून सांगत होता. तो पानासकट फाडला.

भानामती, करणी वगैरे आणायचा मोह होईल. पात्रांच्या तोंडी संशय म्हणून येऊ द्या, गावात माणसं बोलतातच. मांत्रिकाने उतारा केला आणि सगळं बरं झालं, असं मात्र दाखवू नका. आपल्या राज्यात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. तो बाजूला ठेवला तरी, उतारा मिळाला की प्रेक्षकाची भीती तिथेच उतरते.

पडद्यावरचं सगळं खोटं, पण नीट खोटं

या प्रकारच्या सिनेमात निम्मा वेळ मोबाईल आणि कॉम्प्युटरचा पडदा दिसतो, आणि चुका तिथेच होतात. माझीच सांगतो. तालमीसाठी मी मनाने दहा आकडे लिहिले आणि सहज म्हणून लावून पाहिले. एका बाईंनी उचलला, मागे लेकरू रडत होतं. सॉरी म्हणून ठेवला. सिनेमा बाहेर पडल्यावर त्या बाईंना किती पोट्ट्यांचे फोन गेले असते, विचार करा. तेव्हापासून पडद्यावर नंबर दाखवणं बंद. नावानेच सेव्ह करा, 'मोटर', 'बाबा', नाहीतर नंबरवर बोट येईल असा फोन धरा.

बाकी गोष्टींना छान पळवाटा आहेत. टॉरवरच्या साइटचे पत्ते, ज्यांच्या शेवटी 'डॉट ओनियन' येतं, ते हल्ली 56 अक्षरांचे असतात. त्यात इंग्रजी ए ते झेड आणि 2 ते 7 हेच आकडे येतात. मग तुमच्या बनावट पत्त्यात 8, 9 नाहीतर 0 घाला. पत्ता खरा दिसेल, पण तसा पत्ता जगात असूच शकत नाही. बिटकॉइनचा जुन्या पद्धतीचा, 1 ने सुरू होणारा पत्ता दाखवायचा असेल तर त्यात शून्य घाला, त्या पद्धतीत शून्य वापरतच नाहीत. आधारचा क्रमांक बारा आकडी असतो आणि 0 किंवा 1 ने कधी सुरू होत नाही. म्हणून आमच्या सगळ्या नकली आधारांचा पहिला आकडा 0. क्यूआर कोड अजिबात नको, लोक पडदा थांबवून स्कॅन करतात.

गावकऱ्यांचे खरे कागद 'फक्त सीनपुरते' म्हणून मागू नका. आम्हाला लोक देतही होते, बिनधास्त, आधारसकट! आमचा सिनेमा ज्याच्यावर आहे तेच आम्ही करत होतो. मग दोन दिवस बसून पंचेचाळीस खोटे कागद बनवले. गाव काल्पनिक, गट क्रमांक काल्पनिक. राजमुद्रा, म्हणजे सिंहांचा अशोकस्तंभ, घेऊ नका, तिच्या वापरावर 2005 चा कायदा आहे. तिथे एक गोल शिक्का पुसट ठेवला की भागतं. काळी रेघ सगळ्यांवर एकाच जागी यायला हवी, एवढं मात्र सांभाळा.

साइटचं पान साध्या एचटीएमएलमध्ये बनवून लॅपटॉपवरच ठेवा, इंटरनेट बंद करून उघडा. दिसायला कंटाळवाणं ठेवा: पांढरी पार्श्वभूमी, बारीक अक्षरं, वस्तूंची यादी, किंमत, तारे. किराणा दुकानाच्या वहीसारखं. कवटी-बिवटी नको. यादीत आपल्या गावाचं नाव सोयाबीनच्या भावासारखं लिहिलेलं दिसतं, अंगावर काटा तिथे येतो. पडद्याचा फोटो कॅमेऱ्याने काढला तर लाटांसारख्या रेघा येतात. त्यापेक्षा ओबीएस या मोफत सॉफ्टवेअरने पडदाच रेकॉर्ड करा आणि एडिटिंगमध्ये जोडा. माऊस हलवणारा माणूस मात्र नटच हवा. गोलू घाबरल्यावर त्याचा बाण कसा अडखळतो, परत जातो, थबकतो, हाही अभिनयच.

माणसं

आमच्याकडे नटांची वाण नाही. गडचिरोलीतल्या वडसा-देसाईगंजला तर झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्यांचा बाजारच आहे, रात्रभर नाटक करणारी माणसं. अडचण ही, की त्यांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो, आणि तुम्हाला शूटिंगला थंडीच्याच लांब रात्री हव्यात. दुसरं म्हणजे बोली. झाडीबोलीतला, म्हणजे पूर्व विदर्भातल्या बोलीतला माणूस यवतमाळच्या घरात बाप म्हणून बसवला तर बाकी महाराष्ट्राला कळणार नाही, पण आमच्या माणसाला पहिल्या वाक्यात कळतं. आम्ही शामरावांसाठी गावातल्याच भजनी मंडळातले एक काका घेतले. आवाज खणखणीत, तीच अडचण. त्यांना शेवटी म्हटलं, काका, कीर्तन सुरू आहे आणि बाजूच्याला तंबाखू मागायची आहे, तसं बोला. जमलं.

लहान मूल घ्यायचं शक्यतो टाळा. घेतलंच तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला पाच तासांच्या वर काम देता येत नाही, आणि रात्रीच्या शूटमध्ये तर पोराला आणूच नये.

रात्र, विहीर आणि गाव

हे वाचल्याशिवाय एकही रात्र बाहेर पडू नका.

गावाला आधी सांगा. आम्ही पोलीस ठाण्यात आणि ग्रामपंचायतीत अर्ज दिला, पोलीस पाटलांना भेटलो आणि कोतवालाकडून दवंडी दिली. अनोळखी पोरं रात्री बॅटऱ्या घेऊन पांदणीने फिरताहेत, हे गावाच्या डोळ्यांनी पाहा. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी आल्याच्या मोबाईलवरच्या अफवेवरून पाच जणांना जमावाने ठार मारलं. डार्क वेब लागला नाही त्याला, साधा व्हॉट्सॲप पुरला. बाहेरगावचा माणूस टीममध्ये असेल तर त्याला पहिल्याच दिवशी चावडीवर नेऊन सगळ्यांशी ओळख करून द्या.

विहिरीच्या काठावर अंधारात शूट नाही. आमच्याकडे अर्ध्या विहिरींना कठडा नाही. शामराव विहिरीत डोकावतात तो शॉट आम्ही घराच्या ओसरीवर घेतला. काका बाजेवरून वाकले, खाली काळं कापड, बाजूला पाण्याची परात, तिच्यावर बॅटरी मारली की प्रकाश चेहऱ्यावर हलतो. विहीर वेगळी, दिवसाउजेडी घेतली. स्टार्टरच्या पेटीला, डीपीला (विजेच्या ट्रान्सफॉर्मरला) हात लावायचा नाही. पेटी आम्ही रिकामी, भंगारातून आणलेली वापरली. जंगलालगतचं शेत असेल तर अंधार पडल्यावर तिकडचं शूट करूच नका, आणि वनहद्दीत तर वनविभागाच्या परवानगीशिवाय पाऊल नाही.

मग 'रात्र' आणायची कुठून? डिसेंबरात आमच्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य बुडतो. त्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटं आभाळ निळं असतं आणि जमीन काळी. बाहेरचे लांबचे शॉट सगळे तेव्हाच घ्या. संध्याकाळी दोनच शॉट होतात, म्हणून आधी तालीम करून ठेवा. बाकी सिनेमा घरात. एप्रिल-मे विसरा. उन्हात मोबाईल तापून बंद पडतो आणि माणसंही.

कॅमेरा

यावर लोक सगळ्यात जास्त विचारतात आणि सांगण्यासारखं सगळ्यात कमी आहे. चांगला मोबाईल पुरतो. सेकंदाला 25 फ्रेम ठेवा आणि शटर 1/50, कारण आपली वीज 50 हर्ट्झची, नाहीतर ट्यूब आणि एलईडी पडद्यावर लपलपतात. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा. ब्लॅकमॅजिकचं मोफत कॅमेरा ॲप हे सगळं देतं. लॅपटॉपचा उजेड चेहऱ्यावर खरंच पडतो असं वाटत असेल तर एकदा शूट करून पाहा, काही दिसत नाही. लॅपटॉपच्या मागे एक छोटा एलईडी पॅनल ठेवा, त्यावर बटर पेपर. अंधार मोबाईलला सोसत नाही, चित्रात वाळू येते. म्हणून थोडा जास्त उजेड करून शूट करा आणि नंतर काळं करा.

आवाज, आवाज आणि आवाज

पैसे इथे घाला. आमचा हिशेब असा: जेवण 9,600 (बारा माणसं, चार रात्री), मानधन 8,000, माईक आणि रेकॉर्डरचं भाडं 4,500, हार्ड डिस्क 3,400, गाडी-पेट्रोल 3,200, दिवे-वायर-टेप 2,700. जेवणात काटकसर करू नका. रात्री दोनला गरम झुणका-भाकर मिळाली की माणूस तिसरा टेकही देतो.

पहिली रात्र आमची पूर्ण वाया गेली. शेजारच्या गावात भागवत सप्ताह होता हे कोणाला आठवलंच नाही. शांत सीनमध्ये दीड किलोमीटरवरून महाराजांचा आवाज. म्हणून तारीख ठरवण्याआधी आजूबाजूच्या गावांतले सप्ताह, लग्नं, जत्रा विचारून घ्या. शूटच्या वेळी फ्रिज आणि पंखा बंद. फ्रिज बंद केला की त्यात गाडीची चावी ठेवायची, म्हणजे जाताना चालू करायची आठवण राहते. दर जागेचा मिनिटभर नुसता रिकामा आवाज रेकॉर्ड करा, सगळ्यांनी श्वास रोखून. एडिटिंगमध्ये तोच सांधा बुजवतो.

आता मुख्य गोष्ट. शहरातल्या माणसाला शांतता म्हणजे रात्र वाटते. गावातली रात्र कधीच शांत नसते: रातकिडे, मध्येच टिटवी, बाभळीवरचा पिंगळा, लांब कोल्ह्यांची ओरड, कोठ्यात ढोराच्या गळ्यातली घंटी. आपला कान हे सगळं ऐकतच नाही इतका सरावलेला असतो. म्हणून प्रेक्षकाला पहिली दहा मिनिटं हे ऐकवत राहा, आणि मग फोन वाजायच्या आधी चार सेकंद रातकिडे पूर्ण बंद करा. आमच्या घरच्या खेळाला नेमकं त्या ठिकाणी दोन माणसांनी मागे वळून पाहिलं. संगीत नाही, किंचाळी नाही, काही नाही. फक्त रातकिडे थांबले. थंडीत ते कमी ओरडतात, म्हणून आम्ही ते ऑक्टोबरात, पावसाळा सरतासरता, वेगळे रेकॉर्ड करून ठेवले होते. हे लक्षात ठेवा, नाहीतर डिसेंबरात माईक घेऊन बांधाबांधाने फिराल.

स्टार्टरचा तो बाईचा आवाज आम्ही खऱ्या मशीनचा घेतला नाही. माझ्या वहिनीने बोलला, मग तो एका मोबाईलवर वाजवून दुसऱ्या मोबाईलने परत रेकॉर्ड केला. असं तीनदा. प्रत्येक वेळी आवाज थोडा पातळ होतो, माणसापासून थोडा लांब जातो. शेवटच्या सीनमध्ये तोच आवाज "शानराव" म्हणतो. वहिनी अजून ते ऐकत नाही.

जोडकाम

डाव्हिंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती या कामाला पुरून उरते. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकलंत तर गोलू तुम्हीच. एकच खबरदारी: बरेच मोबाईल फ्रेमचा वेग आपल्या मनाने कमी-जास्त करतात, त्यामुळे दहा मिनिटांच्या टेकमध्ये ओठ आणि आवाज वेगळे होतात. ॲपमध्ये वेग पक्का करा आणि टेक लहान ठेवा. रोजच्या रोज दोन जागी प्रत काढा, एक हार्ड डिस्कवर, एक कोणाच्या तरी लॅपटॉपवर. दुसऱ्याची गाणी, पार्श्वसंगीत उचललं तर यूट्यूब पकडतं. आम्हाला संगीत लागलंच नाही, पिंगळ्याने कॉपीराइट मागितला नाही.

यूट्यूबवर टाकायला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागत नाही, चित्रपटगृहात दाखवायचं तर लागतं. शेवटच्या पाटीवर आम्ही काळ्यावर पांढऱ्यात 1930 लिहिलं, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. पैसे गेले की जितक्या लवकर फोन कराल तितकी ते अडवायची शक्यता जास्त, हे पाटीवरच लिहिलं. सिनेमात खरा असा हा एकच नंबर.

पहिला खेळ आमच्या अंगणात, चादरीवर, काम केलेल्यांसाठी आणि घरच्यांसाठी. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते भजनी काका दारात. त्यांच्या स्वतःच्या शेतात मोबाईल स्टार्टर आहे. खिशातून फोन काढला आणि म्हणाले, याचा नंबर कोनाकोनाकडं हाये, पायता येते का रे? स्टार्टरमध्ये नोंदलेले नंबर पाहायची सोय असते, बसलो आणि काढले. अकरा निघाले. काका, पोरगा, जावई, मोटर बसवून देणारा मिस्त्री, जुना सालगडी. नऊ जणांची नावं काकांनी पटापट सांगितली. उरलेले दोन नंबर कोणाचे, ते त्यांना आठवेनात.